हाजीरजामीन

माझ्या आईचे पैसे ज्या पतसंस्थेत बुडाले, त्याच पतसंस्थेच्या कॅशियरला मी जामीन राहिलो. माणगावात ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. काहींनी ती माझ्या तोंडावर काढली, बाकीच्यांनी नुसतं बोलणं कमी केलं. मी असं का केलं, हे मला त्या दिवशी धड सांगता आलं नव्हतं. आता सांगता येतं का, ते बघतो.

वडील एसटीत होते. निवृत्तीनंतर हातात आलेल्या रकमेतले चार लाख वीस हजार त्यांनी आईच्या नावाने पतसंस्थेत मुदत ठेवीत टाकले. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त होतं. शिवाय काउंटरवरचा मुलगा ओळखीचा होता. तो मुलगा म्हणजे हा कॅशियर. सहावी-सातवीला माझ्या वर्गात होता. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, तेव्हा एक लाखापर्यंत होता, २०२० पासून पाच लाखांपर्यंत झाला. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नसतो. हे आम्हाला कळलं ते शटरवर नोटीस लागल्यानंतर.

संस्थेचं नाव लिहीत नाही. खटला अजून चालू आहे, आणि मला जे म्हणायचंय ते त्या एका संस्थेपुरतं नाही. रायगडात असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा सुमारे दोन लाख ठेवीदार एका दिवसात रांगेत उभे राहिले. बोगस कर्जखाती, एकमेकांत फिरवलेले पैसे, वर्षानुवर्षं ‘सर्व ठीक’ म्हणणारी लेखापरीक्षणं. आमच्याकडचा घोटाळा त्यापुढे फारच लहान. पण साचा तोच.

गुन्हा दाखल झाला. अध्यक्ष, व्यवस्थापक, दोन संचालक आणि कॅशियर यांना अटक झाली. त्या संध्याकाळी आमच्या आळीत लोकांनी एकमेकांना फोन करून बातमी दिली. मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही. इतक्या महिन्यांनी काहीतरी झालं होतं. पैसे आले नव्हते, पण कुणाचं तरी काहीतरी गेलं होतं.

पुढचा क्रम असल्या प्रकरणांत पाठ झाल्यासारखा असतो. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. अध्यक्षांच्या छातीत दुखू लागलं आणि ते रुग्णालयात गेले. नव्वद दिवसांच्या आत आरोपपत्र दाखल झालं. ते मुदतीत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, त्यामुळे ते येतंच. काही हजार पानांचं होतं. अध्यक्षांनी काही रक्कम न्यायालयात भरण्याची तयारी दाखवली आणि ते पाचव्या महिन्यात बाहेर आले. कॅशियरकडे भरायला काही नव्हतं. त्याच्यावर आरोप असा की, अस्तित्वात नसलेल्या कर्जदारांच्या व्हाउचरवर सह्या त्याच्या आहेत. त्याचं म्हणणं असं की, व्यवस्थापक सांगेल तिथे सही करणं हीच नोकरी होती. तो चौदा महिने अलिबागच्या तुरुंगात होता.

चौदाव्या महिन्यात त्याला जामीन मंजूर झाला. आणि तरीही तो तीन आठवडे आतच राहिला. पन्नास हजारांचा एक जामीनदार हवा होता आणि तो मिळत नव्हता. मिळणार कुठून? जामीन राहण्याइतकी जमीन ज्याच्या नावावर आहे असा आमच्याकडचा प्रत्येक माणूस एक तर ठेवीदार होता, नाहीतर ठेवीदाराचा भाऊ, जावई, साडू. त्याची आई एका दुपारी आमच्या ओटीवर येऊन बसली. पाणी दिलं ते प्यायली नाही. म्हणाली, ‘‘सर, तुम्ही त्याला शिकवलंत. बाकी मी काय बोलू?’’ आत माजघरात माझी आई तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला होता.

*

मी शिक्षक असल्यामुळे अडचणीत सापडलो की शब्दाकडे जातो. जामीन या शब्दाचा मूळ अर्थ सुटका नव्हे. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द माणसासाठी आहे: हमी घेणारा तो जामीन. म्हणूनच आपण अजूनही ‘जामीन राहतो’. जुन्या मराठीत याचे प्रकार होते. अमुक माणसाला बोलावलं की तो येईल, अशी हमी घेणारा हाजीरजामीन. त्याच्याकडून येणं असलेली रक्कम भरली जाईल, अशी हमी घेणारा मालजामीन. तो नीट वागेल, अशी हमी घेणारा चालजामीन. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळ्या जबाबदाऱ्या. एकासाठी राहिलेल्या माणसाला दुसऱ्याबद्दल धरायचं नाही.

आज आपण तिन्हीला एकच शब्द वापरतो आणि मला वाटतं, आपला सगळा गोंधळ तिथे आहे. फौजदारी न्यायालयातला जामीन मुळात हाजीरजामीन आहे. आरोपी खटल्याला हजर राहील का, पुराव्याला हात लावेल का, साक्षीदारांना धमकावेल का, एवढेच प्रश्न. त्यातला पहिला हजेरीचा आणि उरलेले चालीचे म्हणता येतील. मालाचा प्रश्न त्यात कुठेच नाही. पण फसवणुकीच्या प्रकरणात आम्हा ठेवीदारांच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो मालाचा असतो. पैसे येईपर्यंत ठेवा त्याला आत.

हे फक्त आमच्या आळीत होतं असं नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही झालेलं आहे, आणि एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी झालेलं आहे.

टू-जी प्रकरणात युनिटेकचे संजय चंद्रा सात महिने तुरुंगात होते. २३ नोव्हेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आणि इतर काहींना जामीन दिला. जामिनाचा हेतू आरोपीची हजेरी मिळवणं हा आहे, शिक्षा देणं हा नाही, असं त्या निकालाने स्वच्छ सांगितलं. आरोप गंभीर आहेत, कागदपत्रं अफाट आहेत, खटला लांबणार आहे. पण ही जामीन नाकारण्याची कारणं नाहीत, उलट माणसाला अनिश्चित काळ आत ठेवू नये याचीच कारणं आहेत, हा त्यातला विचार. आर्थिक गुन्ह्यात जामीन मागणारा प्रत्येक वकील आजही हा निकाल हातात घेऊन उभा राहतो.

२०१७ साली याच संजय चंद्रांना वेगळ्या प्रकरणात अटक झाली. घरांसाठी पैसे भरून घरं न मिळालेल्या लोकांची ती तक्रार होती. जामिनाचा अर्ज पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, डिसेंबरअखेर ७५० कोटी रुपये भरा, मग बघू. ते भरले गेले नाहीत. त्याच डिसेंबरमध्ये टू-जी खटल्याचा निकाल लागून चंद्रांसह सगळे आरोपी निर्दोष सुटले; पण चंद्रा तेव्हा दुसऱ्या प्रकरणात आतच होते. एका प्रकरणात हाजीरजामीन, दुसऱ्यात मालजामीन. कायद्यातला शब्द मात्र एकच.

त्याआधी मार्च २०१४ मध्ये सहाराच्या सुब्रत रॉय यांना सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत पाठवलं होतं. ती खटल्यापूर्वीची कोठडी नव्हती, गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश न पाळल्याबद्दलची होती. सुटकेची अट होती दहा हजार कोटी: निम्मे रोख, निम्मे बँक हमीच्या रूपात. ते दोन वर्षांहून जास्त काळ आत राहिले. परदेशातली हॉटेलं विकण्याची बोलणी करता यावीत म्हणून तिहार तुरुंगातच त्यांना सोय करून दिली गेली. तुरुंगाचं गहाणखत झालं की मग तुरुंगात कार्यालयही लागतं.

*

आता ठेवीदाराची बाजू मांडतो. ती माझीच बाजू आहे, आणि ती कच्ची नाही.

पहिली गोष्ट. कागदावर चालणाऱ्या चोरीत पुरावा कागदातच असतो आणि कागद आरोपीच्या हातातले. पीएमसी बँकेत एचडीआयएल समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१ हजारांवर खोटी खाती दाखवली गेली होती, असं २०१९ मध्ये बाहेर आलं. जो माणूस हे करू शकतो, तो बाहेर राहून उरलेल्या नोंदी पुसू शकतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की आर्थिक गुन्हे हा वेगळा वर्ग आहे, त्यात जामिनाकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं.

दुसरी गोष्ट. श्रीमंत आरोपी पळतो. पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर येण्याआधीच, जानेवारी २०१८ मध्ये, नीरव मोदी देशाबाहेर गेला. आमच्या जिल्ह्यात, किहीमच्या किनाऱ्यावर त्याचा बंगला होता. ८ मार्च २०१९ रोजी प्रशासनाने तो सुरुंग लावून पाडला. टीव्हीवर पाहताना लोकांना केवढं समाधान वाटलं होतं! माणूस हाती लागला नाही तर निदान बंगला. त्याच महिन्यात लंडनमध्ये त्याला अटक झाली आणि तिथल्या न्यायालयांनी त्याला पुन्हा पुन्हा जामीन नाकारला. त्याने लाखो पौंडांची हमी देऊ केली, तरी नाकारला. कारण एकच: हा माणूस हजर राहील याची खात्री वाटत नाही.

मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण ते दोन्हीकडून कापतं. खटल्याआधी माणसाला आत ठेवणं कधीकधी योग्य असतं, हे त्यातून दिसतं. पण हजेरीचा प्रश्न पैशाने सुटत नाही, हेही दिसतं. पळणाऱ्याला लाखो पौंड घेऊनही सोडू नये. आणि न पळणाऱ्याला, त्याच्याकडे भरायला पैसे नाहीत म्हणून, आत ठेवू नये. आमच्या प्रकरणात नेमकं उलटं झालं. पळायची ऐपत असलेला पैसे भरून पाचव्या महिन्यात बाहेर आला आणि ज्याने माणगावच्या पलीकडे पनवेलपर्यंतच काय तो प्रवास केला, तो चौदा महिने आत राहिला.

तिसरी गोष्ट सर्वांत खरी आहे, ती म्हणजे राग. आमचेही पैसे कुठल्याही निकालाशिवाय कोठडीत आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं. कुणा न्यायाधीशाने तिला दोषी ठरवलं होतं? तिची ठेव आत, मग त्यांचा देह बाहेर का? या प्रश्नाला मी अजूनही उत्तर देऊ शकत नाही. एवढंच म्हणू शकतो की, एक कुलूप लावल्याने दुसरं उघडत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एचडीआयएलच्या वाधवान पिता-पुत्रांना आर्थर रोड तुरुंगातून काढून पहाऱ्यात घरी ठेवायचा आदेश दिला. समूहाची मालमत्ता विकून पीएमसीच्या ठेवीदारांचे पैसे वसूल व्हावेत, त्यासाठी त्यांचं सहकार्य मिळावं, हा हेतू. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या हलवण्याला स्थगिती दिली. कोण बरोबर होतं, यावर मी निकाल देत नाही. पण आत ठेवणं आणि पैसे परत येणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्धही जाऊ शकतात, हे तेव्हा न्यायालयांसमोरच उभं राहिलं.

आणि आत ठेवल्याने मालमत्ता सुरक्षित राहते असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ईडीने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की, चंद्रा बंधू तिहारमधून, तिथल्या कर्मचाऱ्यांना हाताशी धरून, आपला कारभार चालवतायत. न्यायालयाने दोघांना मुंबईच्या आर्थर रोड आणि आमच्या रायगडातल्या तळोजा तुरुंगात हलवायला सांगितलं. म्हणजे ज्याच्याकडे ताकद आहे त्याला भिंत अडवत नाही, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे भिंतीबाहेरून हलवण्यासारखं काही नसतंच.

*

एक शब्द मला या काळात फार छळत राहिला: गुंतागुंतीचे प्रकरण. कॅशियरचा अर्ज दोनदा फेटाळला गेला तेव्हा कारणांत तो होता. प्रकरण गुंतागुंतीचं आहे, व्याप्ती मोठी आहे, तपासाला वेळ लागेल.

पण गुंतागुंत हे वर्णन कशाचं आहे? हिशेबाचं. त्या हिशेबातला माणूस गुंतागुंतीचा असेलच असं नाही. हजार पानांच्या आरोपपत्रात त्याच्या वाट्याला अकरा पानं होती. बाकीची पानं इतरांची; पण ती वाचून होईपर्यंत थांबायचं त्याने. कायद्यात एक चांगली तरतूद आहे: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे, आधी कधी शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळानंतरच. मात्र त्याच कलमात पुढे म्हटलंय की, एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. आर्थिक फसवणुकीत एकच कलम कधी लागतं? विश्वासघात, फसवणूक, खोटे दस्तऐवज, कट, शिवाय ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा. गुन्ह्याची गाठ जितकी मोठी, तितकी दोषी ठरण्याआधीची कैद लांब. आणि ती गाठ सोडवण्याचा वेग मात्र आरोपीच्या हातात नाही. भारतातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन माणसं अशी कच्ची आहेत. कच्चा कैदी हा शब्द मी लहानपणी ऐकला तेव्हा मला वाटायचं, त्याला आत ठेवून पिकवतात.

यात हिशेबाची आणखी एक गंमत आहे, पतसंस्थेच्या हिशेबाला लाजवेल अशी. आरोपी शेवटी दोषी ठरला तर आत काढलेले दिवस त्याच्या शिक्षेतून वजा होतात. निर्दोष ठरला तर ते कुठेच जमा होत नाहीत. म्हणजे खटल्याआधीच्या तुरुंगाचा हिशेब फक्त दोषी माणसाच्या बाबतीत जुळतो. निर्दोषाच्या खात्यावर ती नुसती बुडीत रक्कम. ठेवीदाराला हे समजायला जड जाऊ नये. घेतलेलं परत न देणारी संस्था म्हणजे काय, ते आम्हाला माहीत आहे.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपहाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, रक्कम भरतो अशा हमीवर जामीन देऊ नका, अर्ज गुणवत्तेवर ठरवा. त्यातल्या आरोपीने २५ लाख भरायची हमी देऊन सुटका मिळवली आणि नंतर हात वर केले होते. त्यामुळे हा आदेश आरोपीच्या दयेपोटी आलेला नाही. हाजीर आणि माल यांची सरमिसळ केली की ठेवीदारही फसतो, हे त्यातून कळतं. वसुलीसाठी जप्ती आहे, लिलाव आहे, ज्यांनी लेखापरीक्षण केलं त्यांना जाब विचारणं आहे. ती कामं कंटाळवाणी आहेत, त्यांचे फोटो येत नाहीत. अटकेचा येतो.

*

आईशी बोलणं झालं ते रात्री. मी म्हटलं, ‘‘काकू आल्या होत्या, ते तू ऐकलंस.’’

‘‘ऐकलं. तो चोर नाही असं तुला वाटतं?’’

‘‘माहीत नाही मला.’’

‘‘मग?’’

हे ‘मग’ मी दोन दिवस घेऊन फिरलो. तो निर्दोष आहे म्हणून मी जातोय, असं म्हणणं सोपं होतं, पण खोटं होतं. त्या सह्या त्याच्याच आहेत. आपण कशावर सही करतोय हे त्याला कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. तो माझा विद्यार्थी होता आणि गणितात बरा होता. मला एवढंच माहीत होतं की तो पळणार नाही. न्यायालय माझ्याकडून तेवढंच विचारत होतं. मी जास्तीचं उत्तर देण्याची गरज नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट, जी लिहायला मला आवडत नाही. अध्यक्षांसाठी मी कधीच गेलो नसतो. ते पाचव्या महिन्यात सुटले तेव्हा मला चीड आली होती, आणि त्यांनी पैसे भरले नसते तर ते अजूनही आत असायला हवे होते, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. म्हणजे वर जे तत्त्व मी इतक्या शब्दांत मांडलं, ते माझ्या विद्यार्थ्यापुरतं मला पाळता आलं. जो आवडतो त्याला निर्दोष समजण्यात न्यायबुद्धी लागत नाही. ती लागते नावडत्याच्या बाबतीत, आणि तिथे मी नापास झालो आहे. तत्त्व त्यामुळे खोटं ठरत नाही, पण ते माझं आहे असं छातीठोकपणे म्हणायचा हक्क मला नाही.

तिसऱ्या दिवशी मी सातबारा काढला, तहसीलमधून ऐपतीचा दाखला घेतला, आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती केल्या आणि सकाळची अलिबागची एसटी धरली. वडखळला गाडी डावीकडे वळते. सरळ गेलं असतं तर पेण. न्यायालयात मला विचारलं, आरोपीला किती वर्षं ओळखता? तो हजर राहिला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होईल, हे समजतं का? समजतं, म्हटलं. अपराध त्याने केला का, हे कुणी विचारलं नाही. सही केली. मनात आलं, हाही कागदच, आणि ही सहीही कुणाच्या तरी सांगण्यावरून केलेली. फरक एवढा की, कशावर सही करतोय ते मला नीट वाचून दाखवलं होतं.

आई माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही. भात वाढायची, बोलायची नाही. मग पहिली तारीख आली. त्या दिवशी दुपारी शाळेत तिचा फोन आला. ती मला शाळेत कधी फोन करत नाही.

‘‘गेला का तो तारखेला?’’

‘‘गेला.’’

‘‘बरं,’’ म्हणाली आणि ठेवला.

तेव्हापासून प्रत्येक तारखेला ती विचारते. कॅलेंडरवर खूण करून ठेवते, गॅस सिलेंडरच्या खुणेशेजारी. तिने त्याला माफ केलेलं नाही. बाजारात समोर आला तर ती नजर वळवत नाही, तोच खाली बघतो. आत होता तेव्हा त्याला असं खाली बघावं लागत नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत. जप्त मालमत्तेतून कधी तरी काही टक्के येतील म्हणतात. साक्षी सुरू झाल्या आहेत. पुढची तारीख सतरा आहे.